शिवणीतील माया

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात हिंगोली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. मी काही वक्ता नव्हे. छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकविण्यात गेली. आणि गणिताच्या शिक्षकाला बोलण्यापेक्षा फळ्यावर लिहिण्याची सवय अधिक. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा 'समाजाची शैक्षणिक प्रगती' असा एक बिनधोक विषय मी सांगून टाकला होता. पुढे मनाशी विचार करता वाटले की, या विषयावर आपण दरवर्षी ऐकतोच. ज्या विषयावर आपल्या घरांत कोणीच बोलत नाही, त्यावर एकदा कोणीतरी बोललेच पाहिजे. तेव्हा विषय बदलून घेतला. घरातील माणसे आपली दुःखे एकमेकांपासून दडवून ठेवतात, त्याचे पुढे काय होते. आणि ती उघड करण्यासाठी मानसोपचाराचा आधार घेण्यात काही कमीपणा आहे काय, हा माझा आजचा विषय आहे.

आपण नामदेव महाराजांचे नाव सांगणारी माणसे. परंपरेने ज्या नरसीला महाराजांचे जन्मस्थान मानले, ती याच जिल्ह्यात. ज्या औंढ्याला त्यांना विसोबा खेचर भेटले, तेही याच जिल्ह्यात. इ. स. १२७० ते १३५० हा महाराजांचा काळ. त्यांच्या चरित्रातील दोन गोष्टी आपण कीर्तनात नेहमी ऐकतो, परंतु त्यांचा आपल्या घराशी संबंध जोडीत नाही.

पहिली गोष्ट त्यांच्या घरातली. नामदेवांच्या गाथेत केवळ नामदेवच बोलत नाहीत. आई गोणाई बोलते, पत्नी राजाई बोलते, मुले-सुना बोलतात आणि त्या घरी वाढलेली गंगाखेडची जनाबाईही बोलते. या घरच्या माणसांच्या नावावर आढळणारे अभंग कोणी व केव्हा रचले, याचा वाद विद्वानांनी खुशाल करावा. आपण त्यांतील आशय पाहावा. गोणाईची तक्रार आहे की, मुलाने शिवणटिपण सोडून देवाचा छंद घेतला. राजाईचे गाऱ्हाणे आहे की, घरात खावयास नाही आणि नवरा देवळात बसला आहे. पुत्राची कीर्ती दिगंतात पोहोचली असताही आईचा राग आणि बायकोचे दुःख त्या गाथेतून कोणी पुसून टाकले नाही. घरातील गाऱ्हाणी उघड बोलली गेल्याने त्या घराची बेअब्रू झाली काय? उलट सातशे वर्षे आपण ते घर पूज्य मानीत आलो आहोत.

दुसरी गोष्ट तेरची. गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन संतमंडळींच्या डोक्यांची परीक्षा केली आणि एकटे नामदेव कच्चे मडके ठरले. महाराज दुखावले, रडले, देवाकडे तक्रार घेऊन गेले. देवाने सांगितले, औंढ्यास विसोबांकडे जा. आणि महाराज गेले. एवढा मोठा भक्त. पण आपले कच्चेपण मान्य करून दुसऱ्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहिला. मला या कथेत चमत्कारापेक्षा हे जाणेच अधिक मोठे वाटते.

आता माझ्या घरची हकीकत सांगतो. ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांतील माझे आईवडील आज हयात नाहीत; आणि मुलाची परवानगी मी घेतली आहे. तोच म्हणाला, "बाबा, सांगा. फक्त मोठं करून सांगू नका."

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, शिवणकाम करीत. १९७२ च्या दुष्काळात लोकांच्या घरी दाणा नव्हता, तेथे नवे कापड कोण शिवावयास टाकणार? मशीन बंद पडले आणि अण्णा व माय दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाऊ लागले. जी बोटे सुईत दोरा एका खेपेत ओवीत, त्या बोटांना फोड आले. आम्ही मुले कामावर मिळणाऱ्या सुकडीची वाट पाहत असू. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. माझी धाकटी बहीण पाच वर्षांची. १९७३ च्या उन्हाळ्यात तिला जुलाब लागले आणि दोन दिवसांत ती गेली.

त्या दिवसानंतर आमच्या घरात तिचे नाव कोणी उच्चारले नाही. अण्णा तिसऱ्या दिवशी पुन्हा खडीवर गेले. मायने चूल पेटविली. मला कोणी काही सांगितले नाही आणि मीही काही विचारले नाही. पाऊसपाणी सुधारले, मशीन पुन्हा सुरू झाले, माझे शिक्षण झाले, नोकरी लागली, लग्न झाले. अण्णा २००४ साली वारले. त्यांचे मशीन पुसून ठेवताना लाकडी खणात तळाशी, जुन्या बटणांच्या डबीखाली, एक पुडके सापडले. आत लहान मुलीचे परकर-पोलके होते. नवेकोरे, एकदाही न नेसलेले.

शिवणाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मी ते सवयीने उलटून पाहिले. आपल्या धंद्यात 'माया' म्हणजे काय, हे येथे सांगावयास नको. परंतु हल्लीच्या तयार कपड्यांच्या पिढीसाठी सांगतो. शिवणीत आत दुमडून ठेवलेले जादा कापड म्हणजे माया. उद्या अंग भरले तर शिवण उसवून कपडा वाढविता यावा, म्हणून ती ठेवावयाची. त्या पोलक्याच्या दोन्ही बाजूंस अण्णांनी तीन-तीन बोटे माया ठेवली होती, आणि परकराच्या काठावर दोन चुन्या घातल्या होत्या. दुष्काळाच्या साली, कुठून मिळविले कोण जाणे असे कापड आणून, पुढची तीन वर्षे पुरेल असा कपडा त्यांनी मुलीसाठी शिवला होता. एकतीस वर्षे तो त्यांनी खणात ठेवला आणि आम्हांस त्याविषयी एक अक्षर सांगितले नाही.

मी काय केले? मीही ते पुडके होते तसे बांधून परत खणात ठेवले, आणि मायला काही सांगितले नाही. "म्हातारीला कशाला त्रास?" असे मनाशी म्हटले. ते खोटे होते. त्रास मला होणार होता.

आता पुढची पिढी. माझा मुलगा पुण्यास अभियांत्रिकी शिकला. हुशार होता. २०१८ साली नोकरी सोडून तो घरी आला आणि खोलीत पडून राहू लागला. रात्री झोप नाही, दिवसा जेवण नाही. मी त्याला आळशी म्हटले. त्याच्या वयाच्या मुलांची उदाहरणे दिली. त्याची आई म्हणे, "कुणाला तरी दाखवू या", मी म्हणे, "कुणाला कळले तर स्थळे येणे बंद होईल." एका रात्री तो घरातून निघून गेला. पहाटे हिंगोलीच्या रेल्वे स्टेशनात एका बाकावर बसलेला सापडला. जगावेसे वाटत नाही, असे तो म्हणाला. त्यावर त्याच्या बापाने पहिले वाक्य कोणते उच्चारावे? मी म्हणालो, "लोक काय म्हणतील?"

मंडळी, हे वाक्य मी आज तुमच्यासमोर सांगतो आहे, कारण ते माझे एकट्याचे नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या जिभेवर ते तयार असते.

नांदेडला एका मनोविकारतज्ज्ञांकडे त्याचे उपचार सुरू झाले. त्यांनी औषधे दिली, आणि समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे पाठविले. वयाने त्या माझ्या मुलीसारख्या. काही आठवड्यांनी त्यांनी आम्हां नवराबायकोलाही बोलाविले. मला ते रुचले नाही. आजारी मुलगा आहे, मला कशाला बोलावता? पण गेलो.

बाईंनी विचारले, "मुलगा त्या रात्री घरात दिसला नाही, तेव्हा तुम्हांला काय वाटले?"

मी सांगितले, "भावाला उठविले. मोटारसायकल काढली. आधी बसस्थानक पाहिले, मग रेल्वे स्टेशन."

त्या म्हणाल्या, "हे तुम्ही काय केले ते झाले. वाटले काय?"

मी पुन्हा हकीकत सांगितली. त्यांनी तिसऱ्यांदा तोच प्रश्न केला. तिन्ही वेळा मी केलेली कामेच सांगितली. छत्तीस वर्षे मुलांना "प्रश्न नीट वाचा" म्हणून ओरडणारा मी, मला तो साधा प्रश्न सुटेना. बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "भीती वाटली." आणि का कोण जाणे, पुढे म्हणालो, "माझी बहीण अशीच गेली होती." त्यानंतर मी रडलो. बायकोने आणि मुलाने मला रडताना त्याआधी पाहिले नव्हते.

मुलगा म्हणाला, "बाबा, मला वाटलं तुम्हांला राग आला होता. तुम्हांला भीती वाटली हे मला ठाऊकच नव्हतं."

बाईंनी पुढे जे समजावून सांगितले, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. राग हा पुष्कळ वेळा वरचा कपडा असतो. आतले अस्तर भीतीचे असते, दुःखाचे असते, किंवा आपण नकोसे झालो आहोत या शंकेचे असते. समोरच्या माणसाला वरचा कपडा तेवढा दिसतो आणि तो त्यालाच उत्तर देतो. कॅनडात सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग या दोघांनी १९८० नंतरच्या दशकात नवराबायकोच्या भांडणांवर जी उपचारपद्धती बसविली, तिचे मर्म हेच आहे. भांडण कोणाचे खरे, याचा निवाडा तेथे होत नाही. भांडणाच्या आत दडलेली कोवळी भावना एकमेकांना ऐकू यावी, एवढीच व्यवस्था केली जाते.

बोलून दुःख हलके होते हे ज्ञान नवीन नाही. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी व्हिएन्नातील योसेफ ब्रॉयर या वैद्याच्या एका रुग्ण स्त्रीने आपल्या उपचाराला स्वतःच 'बोलण्याचा इलाज' असे नाव दिले. ब्रॉयर व सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली ती हकीकत प्रसिद्ध केली. अलीकडचा एक प्रयोग तर गणिताच्या शिक्षकाला पटावा असाच आहे. अमेरिकेत जेम्स पेनबेकर यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहावयास बसविले. काहींनी साध्या विषयावर लिहिले. काहींनी आयुष्यातील आघाताची फक्त हकीकत लिहिली. काहींनी हकीकत आणि तेव्हा काय वाटले ते, असे दोन्ही लिहिले. १९८६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी दोन्ही लिहिले, त्यांना पुढील काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. नुसती हकीकत लिहिणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. मी तीन वेळा जे उत्तर दिले ते याच दुसऱ्या प्रकारचे होते.

येथे कोणी म्हणेल, आपल्या आजा-पणजांनी असले उपचार कधी केले? ते जगलेच ना? प्रश्न योग्य आहे. परंतु त्यांच्याजवळ त्यांच्या परीने वाटा होत्या. पहाटे जात्यावर बसलेली सासुरवाशीण माहेरची आठवण, सासूचा जाच, मेलेले मूल, सारे ओवीत घालून जात्याला सांगत असे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. एवढे दुःख जात्यांनी ऐकून घेतले. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. परंतु जे ऐकून घेणारे होते तेही गेले. पुरुषांना भजन होते, दिंडी होती. आज आपला मुलगा पुण्यास एका खोलीत, सून ठाण्यास दुसऱ्या खोलीत, आणि आईबाप हिंगोलीस. ऐकणारा कोण? जुनी वाट बुजली असेल तर नवी वाट धरावी, यात पूर्वजांचा अपमान नाही.

आणि ही नवी वाट परक्यांची राहिलेली नाही. पुण्यात डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनीही बोलले पाहिजे, हे तेथे पहिल्यापासून मानले गेले. कारण दारू एकजण पितो, पण गप्प सारे घर बसते. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० पासून मनाच्या आरोग्याचे काम मराठी भाषेत, मराठी माणसाला पटेल अशा रीतीने उभे केले. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत, गावातल्याच साध्या माणसांना शिकवून घरोघर पाठविण्याचा एक उपक्रम झाला; निराशेने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत सुमारे सहापट झाले, असे त्याच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसते. कापूस पिकविणारी, आपल्यासारखीच कर्जाने आणि अवर्षणाने गांजलेली ती माणसे. विचारणारा दारात आला तेव्हा ती बोलली.

आपल्या मराठवाड्यासही हे सारे लागू आहे. मराठवाडा आणि विदर्भ येथील शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' हाती घेतला. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन विचारपूस करावी आणि खचलेल्या माणसाला समुपदेशकाकडे पोहोचवावे, अशी त्यात योजना होती. त्या विचारपुशीला आपण काय उत्तर देतो? "आमच्याकडे सारे ठीक आहे." बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा शंभरांतील दहाहून अधिक प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला कसलाही उपचार मिळत नव्हता, असे आढळले. या मंडपात पाचशे माणसे बसली असतील तर हिशेब तुम्हीच करा. म्हणजे 'सारे ठीक आहे' म्हणणाऱ्या घरांपैकी किती घरे खोटे बोलतात, ते कळेल.

ही घरे खोटे का बोलतात? येथे मला आपल्या समाजाविषयी, आणि त्याहून स्वतःविषयी, एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. अनेक वर्षांपूर्वी एका घरच्या माणसांनी माझ्याकडे एका मुलीविषयी चौकशी केली. मुलगी चांगली, शिकलेली. मी सारे चांगले सांगितले आणि जाता जाता म्हणालो, "मध्यंतरी डोक्याच्या डॉक्टरकडे जात होती, असे ऐकतो." एवढेच. ते स्थळ मोडले. मी खोटे बोललो नव्हतो, म्हणून माझे मन मला टोचलेही नाही. माझा मुलगा आजारी पडला तेव्हा मला त्या मुलीच्या बापाचा चेहरा आठवू लागला. जी मुलगी आपणहून उपचाराला गेली ती धीट होती, आणि तिच्या धिटाईची शिक्षा मी तिला दिली. स्थळे येणे बंद होईल या भीतीने मी मुलाला वर्षभर घरात कोंडून ठेवले. ती भीती माझ्यासारख्याच माणसांनी निर्माण केलेली होती. आपले घर दुसऱ्याच्या जिभेला भिते, आणि दुसऱ्याचे घर आपल्या जिभेला.

म्हणून या व्यासपीठावरून तीन सूचना करतो. त्या मान्य कराव्या असा आग्रह नाही. विचार करावा एवढी विनंती आहे.

पहिली, वधूवर परिचयाच्या कामी. कोणाच्या उपचाराची बातमी आपल्यापैकी कोणीही, चौकशीच्या निमित्ताने का होईना, परस्पर तिसऱ्याला सांगू नये. ज्या दोघांना संसार करावयाचा आहे त्यांनी एकमेकांना विश्वासाने जे सांगावयाचे ते सांगावे. तो त्यांचा अधिकार आणि कर्तव्यही आहे. मध्यस्थाचे ते काम नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, त्यानेही रुग्णाच्या उपचाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क मान्य केला आहे. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असे धरावे, आणि शासनाने त्याला उपचार द्यावेत, असेही तो कायदा सांगतो. कायद्याला जी माणुसकी सुचली ती जातभाईंना सुचू नये काय?

दुसरी, शिष्यवृत्तीच्या कामी. परगावी शिकणाऱ्या मुलांना आपण पैसे पाठवितो आणि गुणपत्रिका मागवितो. वर्षातून दोनदा एखाद्या जाणत्या माणसाने त्या मुलाला भेटून जेवू घालावे आणि "अभ्यास कसा आहे?" यापूर्वी "तू कसा आहेस?" असे विचारावे. उत्तर यावयास वेळ लागला तर थांबावे.

तिसरी, सोबतीची. मनोविकारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाणे फार जड असते. जिल्हा रुग्णालयात या विकारांसाठी सोय असते. परंतु सेनगाव-कळमनुरीच्या खेड्यातून एकट्याने त्या दारापर्यंत जाणे होत नाही. अशा वेळी गुपित राखणारी चार-पाच माणसे, त्यांत बायकाही हव्यात, सोबतीला तयार असावीत. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी १४४१६ हा क्रमांक फिरवावा. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक दरवर्षी स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर छापावा.

मात्र एक इशारा दिला पाहिजे. बोलण्याचा हा मार्ग म्हणजे जादू नव्हे. माझ्या मुलाला औषधे दीर्घकाळ घ्यावी लागली. मध्ये एकदा त्याने ती आपणच सोडली आणि त्रास उलटला. आज तो पुन्हा नोकरी करतो, बरा आहे, आणि आमचे वादही होतात. फरक इतकाच की वाद झाल्यावर दोघांपैकी एकजण दुसऱ्या दिवशी फोन करतो. शिवाय, घरातील सर्वांनी सर्वांसमोर सर्व काही बोलावे, असेही मी म्हणत नाही. ज्या घरात मारझोड आहे, तेथे त्या बाईने नवऱ्यासमोर मन उघडण्यापूर्वी सुरक्षित जागा गाठावी. उसवावे ते हळूच, एकेक टाका. ओढून फाडू नये.

शेवटी त्या पुडक्याचे काय झाले ते सांगतो. बाईंकडून परत आल्यावर महिनाभराने मी अण्णांच्या मशीनचा खण उघडला, पुडके काढले आणि मायच्या पुढे ठेवले. माय तेव्हा ऐंशीच्या घरात. तिने गाठ सोडली नाही. पुडक्यावर हात ठेवून म्हणाली, "मला ठावं होतं की रे, त्यात काय हाय ते. तुझ्या अण्णाला वाटायचं मला ठावं नाही. मग म्या बी कधी बोलले नाही. त्यांना दुख होईल म्हणून."

एकाच छपराखाली दोन माणसे, एकाच लेकरासाठी, एकतीस वर्षे निरनिराळी रडत होती. आणि प्रत्येकजण दुसऱ्याला जपत होता. त्या संध्याकाळी माय माझ्या बहिणीचे नाव घेऊन बोलत राहिली. ती कशी हसे, तिला कोणते गाणे आवडे, शेवटच्या दिवशी तिने काय मागितले आणि ते घरात नव्हते, हे सारे मला छप्पन्नाव्या वर्षी कळले. माझा मुलगा शेजारी बसून ऐकत होता. २०२१ साली माय गेली. तिच्या पाठीमागे आम्ही घरात तिचे नाव घेतो, आणि माझ्या बहिणीचेही घेतो.

अण्णांनी त्या पोलक्यात ठेवलेली माया उसवून वाढविण्याची वेळ आली नाही. आपल्यापैकी बहुतेकांची माणसे अजून हयात आहेत. घरी गेल्यावर त्यांच्यापैकी एकाला तरी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे, एवढीच माझी प्रार्थना आहे.